जनावरांतील विषाणूजन्य रोगांची तपासणी : नमुना बिघडू नये म्हणून
(पशुपालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



जनावरांच्या रोगांवर कोणी बोलावयास उभे राहिले की औषध कोणते आणि लस कोणती, हे दोन प्रश्न आधी येतात. मी आज त्याच्या आधीच्या पायरीवर बोलणार आहे. जनावराला झालेला रोग नेमका कोणता, हे प्रयोगशाळेत नमुन्यावरून ठरते. नमुना म्हणजे रक्त, नाकातील स्राव, जिभेवरील फोडाची साल, अंगावरची खपली, मेलेल्या जनावराच्या फुफ्फुसाचा किंवा मेंदूचा तुकडा. हा नमुना घेणे पशुवैद्यकाचे काम आहे. ते तुम्ही करावयाचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरीसुद्धा नमुना चांगला निघणार की वाया जाणार, हे पुष्कळदा तुमच्या गोठ्यातच ठरून गेलेले असते. डॉक्टर येण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत तुम्ही काय केले, यावर ते अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. एका पशुपालकाकडे चाळीसएक शेळ्या होत्या. त्याने आठवडी बाजारातून आणखी तीन शेळ्या आणल्या आणि त्याच रात्री कळपात सोडल्या. आठवड्याभरात शेळ्यांची नाके वाहू लागली, डोळे चिकटले, तोंडाला वास येऊ लागला, हगवण लागली. घरच्यांनी काळजीपोटी दोन दिवस नाके-डोळे जंतुनाशकाच्या पाण्याने स्वच्छ पुसून काढले. चौथ्या दिवशी पहाटे एक शेळी मेली. ती दुपारपर्यंत उन्हातच पडून होती. संध्याकाळी कोणीतरी तिच्या आतड्याचे आणि फुफ्फुसाचे तुकडे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि एस.टी.च्या वाहकाजवळ दिले. महिना मे. आमच्याकडे पिशवी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. उघडताच खोलीत थांबवेना. पिशवीवर ना गावाचे नाव, ना मालकाचे. आमच्या प्रयोगशाळेने लिहून दिले : ‘नमुना तपासणीस अयोग्य.’

निरोप तोंडातोंडी गावात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला, ‘काही सापडले नाही’. आणि मालकाने त्याचा अर्थ घेतला, ‘रोग नाही’. त्याने उरलेल्या शेळ्यांपैकी बऱ्याच पुढच्या बाजारात विकून टाकल्या. महिन्याभरात शेजारच्या दोन गावांतील कळप आजारी पडले. तेथील नमुने वेळेवर आणि बर्फात आले. त्यांत पी.पी.आर. निघाला. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात, तोच हा रोग.

त्या मालकाला मी दोष देत नाही. ‘अयोग्य’, ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ या तीन उत्तरांत काय फरक आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. प्रयोगशाळा उत्तर देते ते तिच्यापुढे आलेल्या नमुन्याबद्दल. गोठ्यातले जनावर तिने पाहिलेले नसते.

आता विषाणूच्या बाबतीत इतकी काळजी का, ते पाहू. तुम्ही दुधाला विरजण लावता. भांडे उबेत ठेवले की दही होते, कारण विरजणातले जिवाणू दुधात वाढतात. विषाणूचे तसे नाही. तो फक्त जिवंत पेशीतच वाढू शकतो. जनावराच्या शरीरातून तो नळीत आला की त्याची वाढ संपली. त्या क्षणापासून तो फक्त घटत जातो. ऊन, उष्णता, साबण, फिनेल, आम्ल, कुजण्याची क्रिया, हे सगळे त्याला मारतात. हल्ली पी.सी.आर. नावाची चाचणी होते. करोनाच्या साथीत तिचे नाव घरोघरी पोहोचले. या चाचणीला विषाणू जिवंत असण्याची गरज नसते, त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे अंश मिळाले तरी पुरते. परंतु नमुना कुजला तर ते अंशही तुटून जातात. म्हणून कोणतीही चाचणी असो, नमुना थंड राहिलाच पाहिजे. थंड म्हणजे साधारण ४ अंश सेल्सिअस. थर्मास किंवा थर्माकोलचा डबा आणि भोवती बर्फ एवढ्याने हे साधते.

मात्र थंड आणि गोठलेला यात गोंधळ करू नये. रक्ताची नळी बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवली तर रक्तपेशी फुटतात, सगळे पाणी लाल होते आणि त्यातून रक्तजल मिळत नाही. घरच्या फ्रिजमध्ये भाजी-दुधाशेजारी नमुना ठेवणे तर पूर्ण वर्ज्य समजावे. दवाखान्यात फ्रिज असतो, तेथेच तो द्यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. चोर घरात असतो तोवर तो हाती लागतो. निघून गेल्यावर पाऊलखुणा तेवढ्या राहतात. विषाणूचेही तसेच असते. ताप चढलेल्या पहिल्या काही दिवसांत तो रक्तात, लाळेत, नाकाच्या स्रावात भरपूर असतो. पुढे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, विषाणू कमी होतो आणि रक्तात ही प्रतिपिंडे मागे राहतात. म्हणून तापाच्या दिवसांत विषाणू शोधावयाचा आणि नंतर प्रतिपिंडे. दहा-बारा दिवस गावठी उपचार करून, मग ‘डॉक्टर, आता तपासून द्या’ म्हटले, तर पहिली संधी हातची गेलेली असते. प्रतिपिंडांची चाचणी तेव्हा करता येते. परंतु त्यासाठी पुष्कळदा दोन वेळा रक्त घ्यावे लागते, एकदा आजारात आणि पुन्हा साधारण तीन आठवड्यांनी. दुसऱ्या नमुन्यात प्रमाण स्पष्ट वाढलेले दिसले तर रोग नुकताच होऊन गेला असे म्हणता येते. दुसऱ्या वेळेस रक्त घ्यावयास गेले की ‘आता जनावर बरे आहे, कशाला सुई टोचता?’ असे म्हणून परत पाठवू नका.

येथेच लसीचा प्रश्न येतो. लस दिल्यावरही प्रतिपिंडे तयार होतात. पी.पी.आर.च्या लसीमुळे आलेली आणि रोगामुळे आलेली प्रतिपिंडे नेहमीच्या चाचणीत वेगळी ओळखता येत नाहीत. लाळ्या खुरकूतच्या बाबतीत हा फरक दाखविणारी खास चाचणी उपलब्ध आहे, तरीही लस केव्हा दिली याची तारीख लागतेच. म्हणून लसीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांकही लिहावा. ‘दिवाळीच्या आसपास दिली असेल’ या उत्तराचा प्रयोगशाळेला काही उपयोग नाही.

ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांना बुळकांडीची आठवण असेल. गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडणारा तो रोग आज जगात राहिलेला नाही. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सगळे जग त्यापासून मुक्त म्हणून जाहीर झाले. लसीने रोग हटला, हे सर्वांना माहीत असते. परंतु तो खरोखर गेला, हे सिद्ध करण्यासाठी लस थांबवावी लागली आणि त्यानंतर गावोगावच्या जनावरांचे रक्तजल तपासत राहावे लागले. लस बंद असताना लहान जनावरांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली असती तर विषाणू अजून फिरतो आहे असे ठरले असते. धडधाकट वासराचे रक्त काढू देणाऱ्या शेतकऱ्यांचा त्या कामात फार मोठा वाटा आहे. आता पी.पी.आर. २०३० पर्यंत जगातून घालवावयाचे ठरले आहे. तेव्हा निरोगी शेळ्यांचे रक्त मागावयास माणसे तुमच्याकडेही येतील.

आता एकेका रोगाकडे वळू.

लाळ्या खुरकूत तुम्हाला सांगावयास नको. तोंडात फोड, खुरात जखमा, तोंडातून लाळेच्या तारा. या रोगाचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल, साधारण एक ग्रॅम. पशुवैद्यक ती ग्लिसरीन मिसळलेल्या खास द्रावणात ठेवतात. या द्रावणाची आम्लता मोजून ठरविलेली असते, कारण हा विषाणू आम्लाला अगदी नाजूक आहे. तो सोड्यालाही टिकत नाही. धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण गोठा निर्जंतुक करण्यासाठी आपणच सांगतो, ते याच कारणाने. तेव्हा बघा, फोड दिसताच तुम्ही तुरटीच्या किंवा सोड्याच्या पाण्याने तोंड धुतले, वर बोरोग्लिसरीन लावले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावले, तर नमुना घ्यावयास काय उरले? तोंड धुवू नका असे मी म्हणत नाही. जनावराला आराम मिळालाच पाहिजे. परंतु साथ नवीन असेल तर कळपातील एक-दोन ताज्या फोडांची जनावरे डॉक्टर येईपर्यंत तशीच ठेवा, बाकीच्यांवर उपचार सुरू करा. आपल्याकडे या विषाणूचे ओ, ए आणि आशिया-१ हे प्रकार आढळतात. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण देत नाही, त्यामुळे लशीत हे तीन प्रकार घालतात. साथीत कोणता प्रकार आहे आणि लस त्याला पुरी पडते की नाही, हे अशा सालीवरूनच कळते.

लम्पी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ च्या पावसाळ्यात आपल्या राज्यात त्याने काय केले, ते येथे बसलेल्या अनेकांनी सोसले आहे. हा विषाणू देवीच्या कुळातला, त्यामुळे चिवट. रक्तात तो थोडे दिवसच सापडतो. कातडीच्या गाठीत आणि वाळलेल्या खपलीत मात्र महिनाभर टिकून राहतो. म्हणजे नमुन्याच्या दृष्टीने खपली सोन्यासारखी. अडचण एकच येते. गाठीवर हळद-कडुनिंबाचा लेप, वर तेल, वर माश्या बसू नयेत म्हणून डांबरगोळीची पूड, असे थर चढलेले असतात. एक-दोन गाठी मोकळ्या ठेवाव्यात. आणि जी खपली नमुना म्हणून इतकी चांगली, तीच गोठ्यात गळून पडली तर रोगाचे साठवण होते. ती झाडून उकिरड्यावर टाकू नये, गोळा करून जाळावी. अंगावर गाठ दिसली की लम्पीच, असेही नाही. माशी चावल्याने, पित्त उठल्याने किंवा दुसऱ्या एका सौम्य विषाणूनेही गाठी येतात. शंका असेल तेथे तपासणी करून घेतलेली बरी.

पी.पी.आर.चे नमुने दोन तऱ्हेचे. जिवंत शेळीच्या डोळ्यांतला, नाकातला आणि तोंडातला स्राव बोळ्यावर घेतात, सोबत न गोठणारे रक्त. मेलेल्या शेळीचे फुफ्फुस, प्लीहा आणि आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी. हा विषाणू लम्पीच्या उलट, अतिशय नाजूक. उन्हाळ्यात बर्फाशिवाय काही तासांतच नमुना हातचा जातो. स्राव पातळ आणि ताजा असताना, म्हणजे आजाराच्या सुरुवातीस, बोळा घेतलेला उत्तम. कळपातली सर्वांत खंगलेली, आठवडाभर हगवण लागलेली शेळी पुढे करू नका. काल-परवा ताप चढलेली दाखवा. आपला स्वभाव असा की मरणाच्या दारातले जनावर आधी डॉक्टरांपुढे आणावयाचे. उपचारासाठी ते बरोबर आहे, नमुन्यासाठी नाही. आणि एकाच शेळीचा नमुना पुरत नाही. चार-पाच शेळ्यांचे द्यावेत, कारण एखाद्या जनावरात विषाणू सापडण्याची वेळ टळलेली असू शकते. घटसर, फुफ्फुसदाह, मावा, मेंढ्यांतील नीलजिव्हा, हे सगळे दिसावयास जवळपास असतात. मावा माणसाच्या बोटांवरही उठतो, म्हणून तोंडाला खपल्या आलेल्या करडाला हातमोज्याशिवाय हात लावू नये.

आता पिसाळण्याचा रोग. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण येथे नमुन्याच्या घोळात माणसाचा जीव अडकतो.

पिसाळलेली गाय किंवा म्हैस कुत्र्यासारखी धावून येईलच असे नाही. ती सारखी ओरडते, आवाज घोगरा होतो, लाळ गळते, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडतात. मालकाला वाटते, घशात काहीतरी अडकले. मग तो, त्याचा मुलगा, शेजारी, सगळे आळीपाळीने तोंडात हात घालून पाहतात. लाळेत विषाणू असतो आणि शेतकऱ्याच्या हातावर कोठेतरी खरचटलेले असतेच. म्हणून लाळ गळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये. हा नियम पाळला तर अर्धी भीती जाते.

मी नवीन होतो तेव्हाची माझी स्वतःची चूक सांगतो. अशाच एका म्हशीला मी पाहावयास गेलो. घरच्यांनी तोंडात हात घातलेले होते. दोन दिवसांनी म्हैस गेली. मेंदूचा नमुना घ्यावयाचा, एवढे मला ठाऊक होते. मी घाईने वरच्या भागाचा एक तुकडा घेतला आणि जवळ असलेल्या एकुलत्या बाटलीत टाकला. बाटलीत फॉर्मालिन होते. पिसाळण्याच्या रोगासाठी जी मुख्य चाचणी करतात, तिच्यात मेंदूचा ताजा, थंड ठेवलेला तुकडा लागतो, त्यावर चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडे टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फॉर्मालिनमध्ये घट्ट झालेल्या तुकड्यावर ती नेहमीची चाचणी होत नाही. शिवाय तुकडा मेंदूच्या बुडाचा, म्हणजे मेंदूचे खोड आणि लहान मेंदू यांचा असावा लागतो. तेथे विषाणू सापडण्याची खात्री अधिक असते. मी घेतला होता वरचा. प्रयोगशाळेने नमुना परत केला. म्हैस तोवर पुरलेली होती.

घरची मंडळी रोज विचारीत होती, ‘साहेब, अहवाल आला का?’ सात माणसे होती, त्यांत दोन लहान मुले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सर्वांना लस सुरू केली होती, मलाही. त्यामुळे निभावले. पण त्या म्हशीला नेमके काय झाले होते, हे आजही मला सांगता येत नाही. तिचे दूध ज्या घरी जात होते, त्या घरांना मी काय उत्तर देणार होतो?

म्हणून दोन गोष्टी. पहिली, माणसाच्या उपचाराचा आणि जनावराच्या अहवालाचा संबंध जोडू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. हळद, चुना, मिरची जखमेवर भरू नका. लस सुरू करावयास अहवालाची गरज नसते. चावणारे कुत्रे किंवा मांजर दहा दिवस निरोगी राहिले तर पुढचे काय करावयाचे ते डॉक्टर ठरवतील, पण सुरुवात थांबवावयाची नाही. दुधाबाबत विचाराल तर, दूध उकळल्याने हा विषाणू मरतो. तरीही संशय असलेल्या जनावराचे दूध वापरू नये आणि कच्चे दूध पोटात गेले असेल तर आरोग्य केंद्रात तसे सांगावे. दुसरी गोष्ट, जनावर मेल्यावर डोके फोडू नये, गोळी किंवा दगड डोक्यात घालू नये आणि स्वतः तर कवटी उघडूच नये. हे काम आधी स्वतः लस घेतलेल्या, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घातलेल्या पशुवैद्यकानेच करावयाचे. तुम्ही जनावर सावलीत, कुत्र्या-कावळ्यांपासून दूर झाकून ठेवा आणि ताबडतोब कळवा. उन्हाळ्यात मेंदू फार लवकर पाघळतो.

हाच धोका दुसऱ्या एका रोगात आहे. तो विषाणूचा नाही, पण येथे सांगितलाच पाहिजे. चांगले जनावर अचानक मेले आणि नाकातून, गुदद्वारातून काळसर न गोठणारे रक्त आले, तर ते फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. तेथे शवविच्छेदन करीतच नाहीत. कातडे सोलणे, चिरणे, सगळे बंद. हवा लागली की जंतूंचे बीजाणू बनतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे बाधित राहते. पशुवैद्यक रक्ताच्या एका थेंबावरून तपासणी करतात.

कोंबड्यांबाबत थोडक्यात सांगतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि बर्ड फ्लू बाहेरून सारखेच दिसतात. पटापट मरतूक सुरू झाली की मेलेल्या कोंबड्या फाडून पाहणे, ओढ्यात टाकणे, उरलेल्या स्वस्तात विकणे, यांपैकी काही करू नये. पशुवैद्यक घशातील आणि विष्ठेच्या मार्गातील बोळे घेतात. बर्ड फ्लूचा संशय असलेले नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. उत्तर येईपर्यंत शेडमध्ये एकाच माणसाने जावे, तोंडावर कपडा बांधावा आणि चपला शेडच्या दारातच ठेवाव्यात.

नमुना घेताना तुम्ही काय पाहावे, तेही सांगतो. पाहण्यात गैर काही नाही, डॉक्टरांनाही ते आवडते. प्रत्येक जनावरासाठी नवीन सुई. विषाणू शोधण्यासाठीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत, ज्यात रक्त न गोठण्याचे द्रव्य असते. ती नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करतात, जोरात हलवीत नाहीत. प्रतिपिंडांसाठीचे रक्त लाल टोपणाच्या नळीत, तिरपे ठेवून गोठू द्यावयाचे. ते लगेच बर्फात घालत नाहीत, वर पिवळसर रक्तजल सुटल्यावरच थंड करतात. जनावर नीट धरले तर रक्त एका टोचणीत निघते. धडपडले तर पेशी फुटतात, म्हणून धरावयास ओळखीचा माणूस असावा.

नळीवर चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने लिहावे, शाई बर्फाच्या पाण्यात पुसते. नळीभोवती कापूस, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग बर्फाचा डबा, अशी तीन आवरणे असावीत. नळी फुटली तरी पाणी बाहेर येऊ नये, हा हेतू. सोबतचा कागद निराळ्या पिशवीत. त्या कागदावर मालकाचे नाव-गाव, जनावराचा बिल्ला क्रमांक, वय, आजार सुरू झाल्याची तारीख, किती आजारी, किती मेली, कोणती औषधे दिली, लस केव्हा दिली आणि गेल्या महिन्यात कोठून जनावर आणले, एवढे असावे. शेवटची बाब लोक लपवतात. बाजारातून आणले म्हणून कोणी तुम्हाला शिक्षा करीत नाही. त्या माहितीवरून रोगाचा माग काढता येतो आणि कोणती चाचणी आधी करावयाची ते ठरते.

उलट, कळवायचे टाळले तर मात्र कायद्याचा प्रश्न येतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार, यादीतील रोगाचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावयाचे असते आणि आजारी जनावर वेगळे बांधावयाचे असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप द्यावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक निःशुल्क आहे.

अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारा. कोणता नमुना तपासला? आजाराच्या कितव्या दिवशीचा होता? आणि कोणत्या रोगासाठी तपासला? लाळ्या खुरकूतसाठी तपासलेल्या नमुन्यात ‘आढळले नाही’ असे आले, तर त्यावरून नीलजिव्हेबद्दल काहीही कळत नाही. ‘आढळले नाही’ असे आले आणि जनावरे आजारी पडतच असतील, तर पुन्हा नमुना देण्याचा आग्रह धरा. तोवर बाजार बंद, नवीन जनावर आणणे बंद, आजारी जनावराची चारा-पाण्याची भांडी वेगळी. ‘अयोग्य’ आले तर तपासणी झालेलीच नाही असे समजा. आणि ‘आढळले’ असे आले तर घाबरून कळप विकू नका. सभोवतीच्या गावांत तातडीने लसीकरण त्याच अहवालावरून सुरू होते.

मंडपाच्या बाहेर टेबलावर दोन्ही प्रकारच्या नळ्या, बोळे, ग्लिसरीनच्या द्रावणाची कुपी आणि बर्फाचा डबा मांडून ठेवला आहे. सोबत नमुन्याबरोबर पाठवावयाच्या कागदाच्या कोऱ्या प्रतीही आहेत. जाताना एकेक घेऊन जा आणि गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवा. आता कोणाला काही विचारावयाचे असेल तर विचारा.